दुय्यम श्रेणीतला पहिला : आर्थर राउली आणि इंग्लिश फुटबॉलचे रोजंदार

इंग्रजीतल्या 'जर्नीमन' या शब्दापाशी मराठी वाचकाची सहसा फसगत होते. 'जर्नी' म्हणजे प्रवास, म्हणून जर्नीमन म्हणजे फिरस्ता, असा अर्थ आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात या शब्दाचे मूळ फ्रेंच 'जुर्ने' या शब्दात, म्हणजे दिवस किंवा दिवसभराचे काम या अर्थात आहे. मध्ययुगीन युरोपातील कारागीर संघांमध्ये तीन पायऱ्या असत. तळाशी शिकाऊ उमेदवार, वर स्वतःच्या कारखान्याचा मालक असलेला उस्ताद, आणि या दोघांच्या मध्ये उमेदवारी संपवून कसब पूर्ण हस्तगत केलेला, परंतु दुसऱ्याच्या कारखान्यात दिवसाच्या मजुरीवर राबणारा कारागीर. हा मधला माणूस म्हणजे जर्नीमन. आपल्याकडचा 'रोजंदार' हा शब्द त्याच्या सर्वांत जवळ जातो.

इंग्लिश फुटबॉलच्या बोलीत या शब्दाला पुढे दोन्ही अर्थ चिकटले. खालच्या श्रेणींतून या क्लबातून त्या क्लबात जाणारा, भरवशाचा, पण 'मोठा' न मानला जाणारा खेळाडू म्हणजे जर्नीमन. शब्दात किंचित कौतुक आहे आणि बरीचशी उपेक्षा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ही छटा नवी नाही. आपल्या वाङ्मयेतिहासांत कालखंडाच्या प्रकरणाअखेर 'इतर कवी' असा एक परिच्छेद येतो. त्यातील नावांविषयी आपली वृत्ती नेमकी अशीच असते. पहिल्या श्रेणीचा कवी, दुय्यम श्रेणीचा कवी ही भाषा आपण इतक्या सवयीने वापरतो की श्रेणी कोणी पाडल्या आणि कशाच्या आधारे, हा प्रश्नच मागे पडतो. इंग्लिश फुटबॉलचे वैशिष्ट्य असे की तिथे श्रेणी हे रूपक नाही. तिथे श्रेणी लेखी आहेत, त्यांच्या तक्त्यांत दर शनिवारी भर पडते आणि कोणत्या वर्षी कोणता क्लब कोणत्या श्रेणीत होता हे निःसंशय सांगता येते. म्हणूनच श्रेणी आणि मोल यांचा संबंध तपासण्यासाठी हे क्षेत्र सोयीचे आहे. त्यासाठी या लेखात एका माणसाची कारकीर्द पाहायची आहे.

१

जॉर्ज आर्थर राउली याचा जन्म २१ एप्रिल १९२६ रोजी वुल्व्हरहॅम्प्टन येथे झाला. १९४६ ते १९६५ या काळात तो वेस्ट ब्रॉमविच अल्बियन, फुलहॅम, लेस्टर सिटी आणि श्रूजबरी टाउन या चार क्लबांकडून फुटबॉल लीगमध्ये ६१९ सामने खेळला आणि त्यात त्याने ४३४ गोल केले. इंग्लंडच्या लीग फुटबॉलमध्ये यापेक्षा अधिक गोल आजवर कोणीही केलेले नाहीत. डिक्सी डीनचे गोल ३७९. जिमी ग्रीव्हजचे ३५७. ही दोन नावे फुटबॉलविषयी यथातथाच कुतूहल असणाऱ्यालाही ऐकून ठाऊक असतात. राउलीचे नाव मात्र इंग्लंडमध्येही बहुधा कोड्यांच्या स्पर्धेत, अवघड प्रश्नाचे उत्तर म्हणून येते.

याचे कारण उघड आहे. डीनचे बहुतेक आणि ग्रीव्हजचे सगळे गोल पहिल्या श्रेणीतले आहेत. राउलीचे बहुतांश गोल दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतले आहेत. इंग्लंडच्या मुख्य संघातून तो एकही सामना खेळला नाही. 'ब' संघातून एकदा खेळला, तेवढेच. त्याचा थोरला भाऊ जॅक राउली मँचेस्टर युनायटेडचा आघाडीचा खेळाडू होता. १९४८ साली एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूलविरुद्ध त्याने दोन गोल केले, आणि इंग्लंडकडून सहा सामन्यांत सहा. जॅकला 'गनर' म्हणजे तोफची म्हणत. आर्थरच्या डाव्या पायात तसाच दारूगोळा असल्यामुळे त्यालाही तेच नाव मिळाले. आपले बिरुदसुद्धा त्याला भावाबरोबर वाटून घ्यावे लागले.

राउलीच्या कारकिर्दीची सुरुवात युद्धात हरवलेली आहे. १९३९ ते १९४६ लीगचे सामने बंद होते. त्या काळात प्रादेशिक स्पर्धा चालत, खेळाडू पाहुणे म्हणून कुठल्याही संघातून खेळत. पंधराव्या वर्षी आर्थर भावाबरोबर मँचेस्टर युनायटेडकडून असाच खेळला. युद्धकाळातले हे गोल लीगच्या हिशेबात धरले जात नाहीत. कपच्या सामन्यांतलेही नाहीत. म्हणजे ४३४ हा आकडासुद्धा एका व्याख्येचे फलित आहे. काय मोजायचे हे आधी ठरले आणि मग मोजणी झाली. आकड्यांना वस्तुनिष्ठ समजणाऱ्यांनी, आणि आकडे पाहताच नाक मुरडणाऱ्यांनीही, हे ध्यानात ठेवावे.

२

वेस्ट ब्रॉमविचकडून २४ सामन्यांत राउलीने फक्त चार गोल केले. डिसेंबर १९४८ मध्ये क्लबाने त्याला फुलहॅमला देऊन टाकले आणि बदल्यात अर्नी शेपर्ड हा खेळाडू घेतला. दोन क्लबांनी दोन माणसांची अदलाबदल केली, इतका हा साधा व्यवहार होता. फुलहॅमला जाताच राउलीने उरलेल्या हंगामातील २२ सामन्यांत १९ गोल केले आणि फुलहॅम दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून वर गेले. वेस्ट ब्रॉमविच दुसऱ्या क्रमांकावर राहून त्यांच्याबरोबरच वर गेले. शेपर्डची गंमत आणखी वेगळी आहे. तो त्याच हंगामात पुढे हल सिटीकडे गेला आणि हलने तिसऱ्या श्रेणीचा उत्तर विभाग जिंकला. एका हंगामात तीन क्लबांकडून खेळलेला आणि तिन्ही क्लबांना बढती मिळालेली पाहणारा शेपर्ड स्वतः मात्र तळटीपेतच राहिला.

१९५० साली राउली लेस्टर सिटीकडे आला आणि तिथे आठ वर्षे राहिला. सामने ३०३, गोल २५१. लेस्टरने १९५४ आणि १९५७ अशी दोनदा दुसरी श्रेणी जिंकली. यांपैकी १९५६-५७ च्या हंगामात एकट्या राउलीचे गोल ४४ होते. १९५८ साली, बत्तिसाव्या वर्षी, तो श्रूजबरी टाउनकडे खेळाडू-व्यवस्थापक म्हणून गेला. त्याच वर्षी लीगने तिसऱ्या श्रेणीचे उत्तर आणि दक्षिण असे भौगोलिक विभाग मोडून राष्ट्रीय तिसरी आणि चौथी श्रेणी निर्माण केली होती. श्रूजबरीच्या वाट्याला नवी चौथी श्रेणी आली. पहिल्याच हंगामात राउलीने ३८ गोल केले आणि क्लब चौथ्या क्रमांकावर येऊन वर चढला. १९६१ च्या एप्रिल महिन्यात ब्रॅडफर्ड येथे त्याने ३८०वा गोल करून डीनला मागे टाकले. त्याच हंगामात श्रूजबरीने नव्यानेच सुरू झालेल्या लीग कप स्पर्धेत पहिल्या श्रेणीतील एव्हर्टनला हरवून उपांत्य फेरी गाठली. १९६५ साली खेळणे थांबवले तेव्हा श्रूजबरीसाठी त्याच्या नावावर २३६ सामन्यांत १५२ गोल होते.

या वर्षांचे श्रूजबरीचे मैदान गे मेडो हे सेव्हर्न नदीच्या अगदी काठावर होते. चेंडू कुंपणापलीकडे गेला की नदीत पडे आणि टोपलीसारख्या गोल होडीतून एक माणूस तो काढून आणी. २००७ साली क्लबाने ते मैदान सोडले. जागतिक विक्रमांच्या गोष्टींना शोभणारे हे नेपथ्य नव्हे. पण इंग्लंडचा सर्वाधिक लीग गोलांचा विक्रम ज्याच्या नावावर आहे तो माणूस इथेच खेळत होता.

३

आता प्रश्न असा की असा खेळाडू खाली का राहिला? 'वरच्या श्रेणीची त्याची कुवत नव्हती' हे पहिले आणि सोपे उत्तर. यात काही तथ्य असू शकेल. तो अंगाने थोराड होता, आणि निवड समित्यांना त्याच्यापेक्षा चपळ खेळाडू दिसत असतील. खालच्या श्रेणीत बचाव कच्चा असतो, गोल स्वस्त असतात, हेही म्हणता येते. परंतु गोल इतके स्वस्त असतील तर त्याच श्रेणींत दशकेच्या दशके खेळलेल्या शेकडो आघाडीच्या खेळाडूंपैकी दुसरा कोणी ४३४ पर्यंत का पोहोचला नाही, याचे उत्तर या स्पष्टीकरणात नाही. प्रमाण पाहिले तर राउलीचे गोल दहा सामन्यांमागे सात पडतात. ग्रीव्हजचे ५१६ सामन्यांत ३५७, म्हणजे जवळपास तितकेच.

दुसरे उत्तर त्या काळच्या मजुरीच्या इतिहासात आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. १९०१ पासून इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. सुरुवातीला आठवड्याला चार पौंड, १९४७ साली बारा, १९५८ साली वीस. ही मर्यादा सर्व श्रेणींना सारखीच होती. मोठ्या क्लबाला हवे असले तरी तो अधिक देऊ शकत नसे, आणि तिसऱ्या श्रेणीतला हौशी अध्यक्ष मनात आणले तर कमाल वेतन देऊ शके. १९४७ साली इंग्लंडचा सेंटर फॉरवर्ड टॉमी लॉटन चेल्सी सोडून तिसऱ्या श्रेणीतल्या नॉट्स कौंटीकडे गेला, हे आज अविश्वसनीय वाटेल. त्या व्यवस्थेत ते शक्य होते. वर चढण्याने पगार वाढत नसेल तर माणूस घर, शाळा, ओळखीचे गाव, खेळ संपल्यावरचा धंदा यांचा विचार करून राहतो.

या मर्यादेच्या जोडीला आणखी एक नियम होता. १८९० च्या दशकापासून चालत आलेल्या 'राखून ठेवा आणि हस्तांतरित करा' या पद्धतीनुसार खेळाडूची नोंदणी क्लबाची मालमत्ता असे. वर्षाचा करार संपला तरी क्लब त्याला राखून ठेवू शके. त्याने नव्या अटी नाकारल्या तर लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबाकडून त्याला खेळता येत नसे. १९५१ साली जॅकी स्युएल या खेळाडूसाठी शेफील्ड वेन्सडेने ३४,५०० पौंड मोजले. त्या काळी करारावर सही करताना खेळाडूच्या हाती दहा पौंड पडत.

मध्ययुगीन रोजंदाराला निदान संध्याकाळी मजुरी घेऊन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या उस्तादाकडे जाण्याची मोकळीक होती. विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या इंग्लिश फुटबॉलपटूला तेवढीही नव्हती. १९४८ च्या त्या अदलाबदलीकडे या माहितीनंतर पुन्हा पाहावे. राउली आणि शेपर्ड हे दोन प्रौढ, कुशल कामगार एका कारखान्यातून दुसऱ्यात हलवले गेले. त्यांची संमती विचारली गेली असेलही, पण तिच्याशिवाय त्यांच्यापुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता. 'जर्नीमन' या शब्दात आपण ज्याला प्रवास समजतो तो अनेकदा मालकांमधला हिशेब होता.

४

जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली आणि कमाल वेतनाची मर्यादा रद्द झाली. संघटनेचे अध्यक्षपद तेव्हा जिमी हिल यांच्याकडे होते. लवकरच फुलहॅमच्या जॉनी हेन्झला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी 'राखून ठेवण्याची' पद्धत ही व्यवसायस्वातंत्र्यावर गैरवाजवी बंधन घालणारी असल्याचा निर्णय दिला. १९७८ साली करार संपल्यावर क्लब बदलण्याचा अधिकार खेळाडूला मिळाला, आणि १५ डिसेंबर १९९५ च्या बोस्मान निकालानंतर करार संपलेल्या खेळाडूसाठी क्लबांतर शुल्क मागणेही बंद होऊ लागले.

राउलीने डीनचा विक्रम मोडला तेही १९६१ सालीच. या योगायोगाला अर्थ आहे. त्यानंतर श्रेणी आणि पैसा यांची फारकत संपली. वर अधिक मिळू लागले, म्हणून गुणी माणूस वर जाऊ लागला, किंवा निदान जाण्याचा प्रयत्न करू लागला. खालच्या श्रेणींत वर्षानुवर्षे गोल करत राहणारा राउली हा ज्या आर्थिक रचनेचा परिणाम होता ती रचनाच उरली नाही. त्याचा विक्रम आजही अबाधित आहे यामागे त्याचे कसब आहे, तसेच हे कारणही आहे. या निष्कर्षाने त्याचे मोल कमी होत नाही, पण अन्यायावर उभ्या असलेल्या व्यवस्थेने एक असाधारण गोष्ट शक्य केली, ही अडचणीची बाब अभ्यासकाने लपवू नये.

नव्या काळातला रोजंदार कसा होता हे पाहायचे तर स्टीव्ह क्लॅरिजचे उदाहरण आहे. १९६६ साली जन्मलेला हा खेळाडू बोर्नमथ, ऑल्डरशॉट, केंब्रिज युनायटेड, ल्यूटन, बर्मिंगहॅम, लेस्टर, पोर्ट्समथ, मिलवॉल, ब्रायटन, जिलिंगहॅम, वॉल्सॉल अशा कितीतरी क्लबांतून खेळला. १९९६ साली वेम्बली येथे जादा वेळेच्या अगदी अखेरीस त्याने केलेल्या गोलामुळे लेस्टर सिटी प्रीमियर लीगमध्ये गेले. १९९७ च्या लीग कपच्या अंतिम फेरीच्या पुनःसामन्यात मिडल्सब्रोविरुद्धचा निर्णायक गोलही त्याचाच. डिसेंबर २००६ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, तो आपल्या एक हजाराव्या सामन्यासाठी बोर्नमथकडून पोर्ट व्हेलविरुद्ध उतरला, आणि बोर्नमथ चार गोलांनी हरले. राउलीने एकोणीस वर्षांत चार क्लब पाहिले. क्लॅरिजच्या क्लबांची यादी परिच्छेद व्यापते. स्वातंत्र्य आले तशी अस्थिरताही आली. पूर्वी क्लब खेळाडूला सोडत नसे, आता धरून ठेवत नाही.

५

इंग्रजी साहित्याने या मधल्या माणसाकडे कसे पाहिले, हेही नोंदवण्यासारखे आहे. अरनॉल्ड बेनेट यांच्या 'द कार्ड' (१९११) या कादंबरीत डेन्री मेचिन हा धूर्त नायक बर्स्ली गावच्या डबघाईला आलेल्या क्लबासाठी एक नामवंत सेंटर फॉरवर्ड विकत आणतो आणि त्या लोकप्रियतेवर महापौर होतो. गंमत अशी की कादंबरी खरेदीदाराची आहे. विकला गेलेला खेळाडू शेवटच्या प्रकरणातली एक युक्ती म्हणून येतो. बर्स्ली म्हणजे बेनेटचे बर्स्लेम, आणि पोर्ट व्हेल हा क्लब बर्स्लेमचाच. चौथ्या श्रेणीच्या पहिल्या हंगामात, राउलीच्या श्रूजबरीच्या वर, पहिल्या क्रमांकावर हाच क्लब होता. बी. एस. जॉन्सन यांच्या 'द अनफॉर्च्युनेट्स' (१९६९) या पेटीत सुट्या भागांच्या रूपात प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत फुटबॉलचा सामना आहे, पण तोही वार्ताहराच्या नजरेतून. निवेदकाचे मन मृत मित्राकडे लागलेले आहे. खेळणाऱ्याचा स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठी १९७६ पर्यंत, ईमन डन्फी यांच्या 'ओन्ली अ गेम?' या दैनंदिनीपर्यंत यावे लागते. डन्फी दुसऱ्या श्रेणीतल्या मिलवॉलचा खेळाडू. १९७३-७४ च्या हंगामात संघातले स्थान डळमळीत होत असताना माणूस सहकाऱ्याच्या अपयशाची मनातल्या मनात वाट कशी पाहतो, हे त्याने न लपवता लिहिले आहे. मालक, प्रेक्षक आणि अखेर कामगार, असा हा क्रम आहे. तो केवळ फुटबॉलच्या साहित्यापुरता खरा आहे असे वाटत नाही.

राउलीने आत्मपर असे काही गाजलेले लिहिले नाही. तो पुढे शेफील्ड युनायटेडचा आणि साउथएंड युनायटेडचा व्यवस्थापक झाला. १९७२ साली साउथएंडला त्याने चौथ्या श्रेणीतून वर काढले. कारागीर संघांच्या भाषेत सांगायचे तर तो उस्ताद झाला, पण त्याच गल्लीतल्या लहान कारखान्यांचा. १९ डिसेंबर २००२ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

श्रूजबरी ज्या परगण्याचे गाव आहे त्या श्रॉपशायरचे नाव ए. ई. हाउसमन यांच्या 'अ श्रॉपशायर लॅड' (१८९६) या संग्रहामुळे इंग्रजीच्या प्रत्येक वर्गात पोहोचले आहे. त्यात तरुणपणी मेलेल्या धावपटूवर एक कविता आहे. कीर्ती कोमेजण्याआधीच तो गेला हे त्याचे शहाणपण, असा तिचा रोख. ती कविता आपण शिकवतो, विद्यार्थ्यांना ती आवडतेही. पण तिने मांडलेल्या हिशेबात सदतिसाव्या-अडतिसाव्या वर्षी, नदीकाठच्या चिखलात, तिसऱ्या श्रेणीच्या सामन्यात आणखी एक गोल करणाऱ्या माणसाला जागा नाही. कीर्तीच्या आधी मरणे आणि कीर्तीनंतर जगणे एवढे दोनच पर्याय ती ओळखते. रोजंदाराचा पर्याय तिसरा आहे: कीर्तीचा प्रश्न बाजूला ठेवून काम करत राहणे.

वाङ्मयेतिहास लिहिताना आणि शिकवताना आपण शिखरे निवडतो. ते अपरिहार्य आहे, कारण तासिका मोजक्या असतात. परंतु निवड करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे शक्य आहे: एखाद्याने काय केले, आणि ते कोणत्या श्रेणीत राहून केले. श्रेणी बहुतेक वेळा त्याने ठरवलेली नसते. ती प्रकाशकाने, संपादकाने, जातीने, गावाने, पगाराने ठरवलेली असते. राउलीच्या बाबतीत निदान मोजणी झाली, लीगच्या नोंदवहीत ४३४ हा आकडा राहिला, म्हणून इतक्या वर्षांनी त्याच्याविषयी प्रश्न तरी विचारता आला. नियतकालिकांच्या जुन्या अंकांत तीस-तीस वर्षे नेमाने लिहीत राहिलेल्या लेखकांची अशी नोंदवही कोणी ठेवलेली नाही. पदव्युत्तर वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवा असेल, तर 'इतर कवी' या परिच्छेदातले एक नाव घ्यावे, त्याने कुठे कुठे, किती आणि कोणत्या मोबदल्यावर लिहिले ते आधी मोजावे. मोल ठरवण्याचे काम त्यानंतर करता येईल.